आधी वीज, मग यंत्र : आमच्या परीक्षेची तयारी



आज आम्ही एका परीक्षेबद्दल बोलणार आहोत. दहावी-बारावीची नाही, तलाठ्याची किंवा पोलीस भरतीचीही नाही. प्रकल्प कसा आखायचा, कसा चालवायचा आणि वेळेत कसा संपवायचा, याची ही परीक्षा आहे. आमच्या ग्रामसंघातल्या आम्ही तिघींनी तिची तयारी केली. एक पास झाली, एक नापास झाली आणि एक परीक्षेला बसलीच नाही. तिघींचंही सांगणार आहोत, कारण तिघींकडूनही शिकण्यासारखं आहे.

पण सुरुवात मिरचीपासून करावी लागेल.

आमच्या गटाने बँकेचं कर्ज घेऊन मिरची कांडप यंत्र घेतलं. फेब्रुवारीत यंत्र गावात आलं. नारळ फोडला, हळदीकुंकू लावलं, पेढे वाटले. आणि मग लक्षात आलं, की यंत्राला थ्री फेज वीज लागते आणि त्या कनेक्शनचा अर्ज आम्ही अजून केलेलाच नाही. मग धावपळ. जागेचा उतारा, नाहरकत दाखला, कोटेशन भरणं. मीटर बसला तेव्हा मे महिना संपत आला होता. मार्च ते मे हाच आपल्याकडे वर्षाचं तिखट-मसाला करायचा हंगाम. तो सगळा गेला. यंत्र ताडपत्रीखाली आणि बायका शेजारच्या गावात कांडपाला. कर्जाचा हप्ता मात्र मार्चपासून सुरू झाला. चार महिने प्रत्येकीने आपापल्या घरातून पैसे काढून तो भरला. एकीने कोंबड्या विकल्या. कुणी कुणाला बोललं नाही, पण बैठकीत पूर्वीसारखं हसणं राहिलं नाही.

दोष कुणाचा? कुठल्या कार्यालयाचा नव्हता. आमचाच होता. कष्टात आम्ही कमी पडलो नाही, क्रमात चुकलो.

पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी एका प्रशिक्षणात आम्ही ही गोष्ट सांगितली. तिथे एका संस्थेत काम करणारी मुलगी होती. ती म्हणाली, "ताई, तुमच्या कामाचा क्रिटिकल पाथ काढला होता का?" आम्हाला वाटलं, ही रस्त्याबद्दल विचारते आहे. मग तिने कागदावर रेघा मारून दाखवलं आणि सांगितलं, की हे सगळं शिकवणारी आणि त्याची परीक्षा घेणारी एक संस्था आहे. अमेरिकेतली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, थोडक्यात पीएमआय. ती १९६९ साली सुरू झाली.

या संस्थेच्या दोन परीक्षा आपल्याकडे जास्त ऐकू येतात. मोठी ती पीएमपी. तिच्यासाठी काही वर्षं प्रकल्प सांभाळल्याचा अनुभव दाखवावा लागतो. दुसरी सुरुवातीची, तिचं नाव कॅपम. तिला अनुभवाची अट नाही. बारावीपर्यंतचं शिक्षण आणि प्रकल्प व्यवस्थापनाचं २३ तासांचं प्रशिक्षण झालेलं हवं. हे प्रशिक्षण ऑनलाइनही करता येतं. आम्ही तिघींनी कॅपम धरली.

आता पैशांचं. शुल्क डॉलरमध्ये असतं. संस्थेचं सदस्य नसलेल्याला आम्ही भरलं तेव्हा ३०० डॉलर पडत होतं. म्हणजे आपल्या रुपयांत पंचवीस हजारांच्या पुढे. एवढ्यात दोन गाभण शेळ्या दावणीला येतात.

ग्रामसंघाच्या बैठकीत आम्ही विषय काढला. आमच्या मनात होतं, की हे पैसे ग्रामसंघाने द्यावेत, कारण काम गावाचंच. तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या काकू म्हणाल्या, "कागदावर नाव तुमचं आणि पैसा आमचा. उद्या शहरात नोकरी लागली, की तुम्ही जाल. मग गावाच्या हातात काय?"

आम्हाला राग आला. खोटं कशाला बोलावं? पण रात्री विचार केला, तर काकूंचं बरोबर होतं. कांडपाचा हप्ता ज्यांनी कोंबड्या विकून भरला, त्यांच्या बचतीतून आमच्या नावाचं प्रमाणपत्र कसं आणायचं?

पुढच्या बैठकीत असं ठरलं : शुल्कासाठी अंतर्गत कर्ज घ्यायचं. व्याज इतर सगळ्यांना लागतं तेवढंच, हप्ताही तसाच. परीक्षेचा निकाल काहीही लागो, कर्ज फेडायचं. आणि दुसरी अट काकूंनी घातली. जे शिकाल ते दर पंधरा दिवसांनी बैठकीत आम्हाला समजेल असं सांगायचं. नाही समजलं, तर पुन्हा सांगायचं.

आमच्यातल्या दोघींनी कर्ज घेतलं. तिसरी म्हणाली, "मी अभ्यास करते, पण परीक्षेचं नंतर बघू. माझ्या डोक्यावर आधीच विहिरीचं कर्ज आहे."

काकूंची ती दुसरी अट आमच्या फार उपयोगी पडली. दुसऱ्याला सांगायचं म्हटलं, की आपल्याला किती कळलंय ते उघडं पडतं.

पहिल्याच बैठकीत विषय होता, प्रकल्प म्हणजे काय. पुस्तकात लिहिलेलं, की ज्याला सुरुवात आणि शेवट आहे आणि ज्यातून काहीतरी वेगळं, नवीन उभं राहतं, तो प्रकल्प. आम्ही विचारलं, "आपली दर आठवड्याची बचत हा प्रकल्प का?" नाही. ते नित्याचं काम. कांडप केंद्र उभं करणं हा प्रकल्प. ते उभं राहिल्यावर रोज मिरची कांडणं हे पुन्हा नित्याचं काम. आपण बायका नित्याच्या कामात तरबेज असतो. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि चोख हिशेब ही पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. फसतो ते एकदाच करायच्या मोठ्या कामात.

दुसऱ्या बैठकीत क्रिटिकल पाथ घेतला. आमचंच कांडप फळ्यावर मांडलं. एका ओळीत विजेचं काम : कागद गोळा करायला १० दिवस, अर्जापासून मीटरपर्यंत ३५ दिवस, एकूण ४५. दुसऱ्या ओळीत यंत्राचं काम : दरपत्रकं मागवायला ७ दिवस, यंत्र यायला २० दिवस, एकूण २७. दोन्ही झाल्यावर यंत्र बसवून चाचणी घ्यायला ५ दिवस. म्हणजे लांब ओळ विजेची. ४५ अधिक ५, एकूण ५० दिवस. हाच क्रिटिकल पाथ. या ओळीत एक दिवस चुकला, की सगळं काम एक दिवस पुढे जातं. यंत्राच्या ओळीत मात्र १८ दिवसांची सवड होती. आणि आम्ही काय केलं? जिथे सवड होती तिथे घाई केली आणि जिथे घाई हवी होती ते काम विसरलो.

१ मार्चला कांडप सुरू व्हायला हवं होतं, तर विजेचे कागद १० जानेवारीला हातात घ्यायला हवे होते. फळ्यावर ती तारीख लिहिली, तेव्हा बैठकीत कुणी बोललं नाही. मग काकूच म्हणाल्या, "आधी वीज, मग यंत्र. एवढंच ना?" हो काकू, एवढंच.

विजेला ३५ दिवस हा आकडा कुठून आला, तेही सांगतो. आजूबाजूच्या गावांत ज्यांनी कनेक्शन घेतलं होतं त्यांना विचारलं. सगळं सुरळीत झालं तर १५ दिवस. बहुतेकांना ३० लागले. एकाला सगळ्या अडचणी आल्या, त्याला ७५ लागले. आता मधल्या आकड्याला चारने गुणायचं, म्हणजे १२०. त्यात १५ आणि ७५ मिळवायचे, झाले २१०. त्याला सहाने भागायचं, आले ३५. हे सूत्र परीक्षेच्या अभ्यासात आहे. पण त्यातली गोम अशी, की चांगलं होईल तेवढंच धरून चालायचं नाही, वाईटही हिशेबात घ्यायचं.

आता परीक्षेबद्दल. एकूण १५० प्रश्न आणि वेळ ३ तास. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. त्यातल्या १५ प्रश्नांचे गुण धरत नाहीत, पण ते कोणते हे आपल्याला कळत नाही, म्हणून सगळेच सोडवायचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. परीक्षा मराठीत नाही. आम्ही इंग्रजीतून दिली.

अभ्यासाचे भाग चार. प्रकल्प व्यवस्थापनाच्या मूळ गोष्टींना ३६ टक्के. आधी सगळं आखून करायच्या पद्धतीला १७ टक्के. थोडं करून, दाखवून, सुधारून पुढे जायच्या पद्धतीला, म्हणजे अ‍ॅजाइलला, २० टक्के. आणि गरज नेमकी काय आहे हे शोधण्याच्या कामाला, म्हणजे बिझनेस अ‍ॅनालिसिसला, २७ टक्के.

आमची अडचण इंग्रजीची होती. आमच्यातली एक बीए आहे, बाकी दोघी बारावी. आम्ही एक वही केली, तीन रकान्यांची. पहिल्यात इंग्रजी शब्द आपल्याच लिपीत. दुसऱ्यात साधा अर्थ. तिसऱ्यात गावातलं उदाहरण. स्टेकहोल्डर म्हणजे ज्याच्यावर कामाचा परिणाम होतो किंवा ज्याचा कामावर परिणाम होतो तो प्रत्येक जण. उदाहरण : कांडपाच्या आवाजाने ज्यांची झोप मोडेल ते शेजारी. रिस्क म्हणजे जोखीम. ती टाळायची, दुसऱ्यावर सोपवायची, कमी करायची किंवा स्वीकारायची. उदाहरण : शेळीचा विमा काढला, नुकसानीची जोखीम दुसऱ्यावर सोपवली. लसीकरण केलं, जोखीम कमी केली.

ही वही मोबाइलवर बोलून ठेवली. खुरपताना एक फोन बांधावर ठेवायचो आणि ऐकायचो. पहाटे साडेचार ते सहा लिहिण्याचा अभ्यास. रात्री जेवणं उरकल्यावर फोनवर एकमेकींना पाच-पाच प्रश्न. असे पाच महिने केले. शेवटच्या महिन्यात दर रविवारी घड्याळ लावून तीन तास सराव परीक्षा. त्या तीन तासांसाठी घरात काय काय ऐकावं लागलं, ते तुम्हाला सांगायला नको. सासूबाईंनी एकदा नातवाला दटावलं, "आईला हाक मारू नकोस, ती सायबाची परीक्षा देतेय." त्या दिवशी आम्हाला फार बरं वाटलं.

सगळ्यात अवघड गेले ते प्रसंगावरचे प्रश्न. एक प्रसंग देतात आणि विचारतात, प्रकल्प सांभाळणाऱ्याने आधी काय करावं? चारही उत्तरं बरोबर वाटतात. एखादी सदस्य काम वेळेत देत नाही. वरिष्ठांना कळवावं, तिला काढावं, काम दुसरीला द्यावं, की तिच्याशी बोलून कारण समजून घ्यावं? आम्ही सुरुवातीला सारखे वरिष्ठांना कळवत होतो. सराव परीक्षेत ते दर वेळी चुकत होतं. आधी कारण समजून घ्या, मग पुढचं पाऊल, अशी त्या परीक्षेची शिकवण.

हा प्रश्न आम्हाला टोचला. दोन वर्षांपूर्वी एका ताईचे हप्ते थकले होते. आम्ही सगळ्या मिळून तिच्या दारात जाऊन बसलो होतो. गल्ली जमली होती. नंतर कळलं, तिचं लेकरू दवाखान्यात होतं. तिने दागिना मोडून पैसे भरले आणि गट सोडला. त्या वेळी आम्हाला ते वसुलीचं चांगलं काम वाटलं होतं. अभ्यास करता करता आम्ही तिघी तिच्या घरी गेलो आणि चुकलो म्हणून सांगितलं. तिने चहा केला. ती अजून गटात परत आलेली नाही. पण आता थकबाकी दिसली, की आधी एकच जण जाते आणि आधी विचारते.

परीक्षा घरून कॅमेऱ्यासमोर देता येते किंवा केंद्रावर जाऊन. घरून द्यायची तर खोलीत आपल्याशिवाय कुणी येता कामा नये, वीज आणि नेट जाता कामा नये. आपल्या घरांत हे कठीण. म्हणून आम्ही शहरातलं केंद्र घेतलं. मोबाइल, घड्याळ, पिशवी सगळं बाहेर कपाटात. गणितासाठी कॅल्क्युलेटर पडद्यावरच मिळतो.

एक गोष्ट नीट ऐका, कारण इथे बायकांचं अडतं. अर्जावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत एक हवं, इंग्रजी स्पेलिंगसकट. ओळखपत्रावर फोटो आणि सहीही हवी. आधारवर आपली सही नसते. पॅनवर दोन्ही असतात. आपलं दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच स्पेलिंग. आमच्यातल्या एकीला यातच सहा आठवडे लागले. अभ्यास सुरू करायच्या दिवशीच ओळखपत्रं काढून शेजारी शेजारी ठेवा. तुमच्या परीक्षेचा क्रिटिकल पाथ कदाचित तोच असेल. कोणती ओळखपत्रं चालतात ते नोंदणी करताना वाचून घ्या.

पैसे घेऊन पास करून देतो, खरे प्रश्न आणून देतो, असं सांगणारेही भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. पैसे जातात आणि अशी लबाडी उघड झाली, तर परीक्षाही रद्द होते.

निकाल पडद्यावर लगेच दिसला. एक पास, एक नापास. परतीच्या एसटीत आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. पास झालेलीला हसता येईना आणि नापास झालेलीला रडता येईना. आता ती पुन्हा तयारी करते आहे. अर्ज मंजूर झाल्यापासून एका वर्षात तीन वेळा बसता येतं, पुन्हा बसायला वेगळं शुल्क पडतं. कोणत्या भागात कमी पडलो ते निकालपत्रावर कळतं. ती गरज शोधण्याच्या भागात कमी पडली. कर्जाचा एकही हप्ता तिने चुकवलेला नाही.

आणि जी परीक्षेला बसली नाही, तिचं ऐका. आम्हाला ५०० कापडी पिशव्यांचं काम मिळालं. मिळणार होते २८ हजार. आमचा खर्चाचा अंदाज २५ हजार, मुदत २० दिवस. दहाव्या दिवशी तिने वही उघडली. २५० पिशव्या व्हायला हव्या होत्या, झाल्या होत्या २००. एका पिशवीला ५० रुपये धरले होते, म्हणजे काम झालं १० हजारांचं. खर्च झाला होता १२ हजार. ती म्हणाली, "आपण रुपया घालतोय आणि ८३ पैशांचं काम होतंय. असंच चाललं तर ५०० पिशव्यांना ३० हजार लागतील. दोन हजार तोटा." पुस्तकात याला अर्न्ड व्हॅल्यू म्हणतात.

मग शोधलं. प्रत्येक जण घरी कापड कापत होती आणि तुकडे वाया जात होते. त्याच दिवशी कटिंग एका जागी, एका हाताखाली आणलं. घेणाऱ्याला आधीच फोन करून सांगितलं, की दोन दिवस जास्त लागतील. काम २२ दिवसांत संपलं, खर्च २७ हजार. नफा एक हजारच राहिला. पण पूर्वीसारखं असतं, तर तोटा झालाय हे आम्हाला पिशव्या देऊन झाल्यावर कळलं असतं.

मग ही परीक्षा सगळ्यांनी द्यावी का? नाही. गटाच्या बँक कर्जाला हे प्रमाणपत्र लागत नाही. बारावी किंवा पुढे शिकलेली, संस्थेत किंवा कंपनीत प्रकल्पाचं काम करू इच्छिणारी मुलगी असेल, तिने जरूर विचार करावा. पण कर्ज काढून, दागिना मोडून, निकालाच्या भरवशावर नको. हप्ता निकालाशिवायही फेडता येईल एवढीच उडी घ्या.

अभ्यास मात्र परीक्षेशिवायही करता येतो. येत्या बैठकीत एवढं करा. गटाचं पुढचं एक मोठं काम घ्या, शेळ्या असोत, पापड असोत की मसाला. काम ज्या दिवशी पूर्ण व्हायला हवं ती तारीख कॅलेंडरवर लिहा. तिथून उलटं मोजत या. कशाआधी काय लागतं, त्याला किती दिवस लागतात, ते कोण करणार, हे प्रत्येकापुढे नावासह लिहा. सगळ्यात लांब ओळ कोणती ते शोधा आणि उद्या सकाळी तिच्यापासून सुरुवात करा.

आमचं कांडप यंदा १ मार्चला सुरू झालं. पहिली मिरची काकूंची होती. त्यांनी कांडपाचे पैसे मोजून दिले आणि म्हणाल्या, "पावती द्या. आता तुम्ही शिकलेल्या आहात."

पुढच्या भेटीपर्यंत नमस्कार.